मंगळागौरीचं एक पान : गिम्पमध्ये पहिलं डिजिटल स्क्रॅपबुक

शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हा एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मुलांना एकच गोष्ट वारंवार सांगावी लागायची : कागद भरायचा नसतो. आता निवृत्तीनंतर आमच्या गल्लीतल्या बायका कॉम्प्युटरवर स्क्रॅपबुक, म्हणजे फोटो आणि आठवणींची सजवलेली पानं, शिकायला येतात, आणि त्यांनाही मी पहिल्या दिवशी हेच सांगते. मंगळागौरीचे मोबाइलमध्ये दीडशे फोटो असले तरी पानावर चारच घ्या. त्यातला एक मोठा, बाकीचे लहान.

इथे मी माझ्याच घरचं पान धरून सांगते. एका बाजूला सासूबाईंची १९६२ची मंगळागौर, एकच कृष्णधवल फोटो. दुसऱ्या बाजूला सुनेची यंदाची, तीन रंगीत. आणि मधे सासूबाईंच्या हातचा उखाणा, वहीच्या फाडलेल्या पानावरचा.

सॉफ्टवेअर गिम्प. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. १९९५मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी त्याची सुरुवात केली आणि मार्च २०२५मध्ये ३.० ही आवृत्ती आली. फोटोशॉपला दरमहा पैसे मोजावे लागतात. कॅनव्हा सोपं आहे, पण त्यातलं तयार टेम्प्लेट घेतलं की आपली मंगळागौर आणि शेजारणीचं डोहाळजेवण एकसारखंच दिसायला लागतं.

आधी स्कॅनिंग

जुना फोटो पोस्टकार्डाएवढा, साधारण ३.५ × ५ इंच. तो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे २१०० × ३००० पिक्सेल मिळतात. छपाईला ३०० लागतात, तेव्हा हाच फोटो ७ × १० इंचांपर्यंत वाढवला तरी फुटत नाही. अल्बमच्या चिकट पानाला फोटो घट्ट बसला असेल तर ओढून काढू नका. पानासकटच स्कॅनरवर पालथा घाला, नाहीतर खिडकीपाशी दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून, बरोब्बर वरून मोबाइलने काढा.

नवे फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले असतील तर पाठवणाऱ्याला सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठव गं." एरवी ते दाबून लहान होऊन येतात आणि छापल्यावर चेहरे मेणाचे दिसतात.

सुनेने नेसलेल्या नऊवारीचा काठही मी स्कॅन केला. कापडाला इस्त्री करून काचेवर सरळ ठेवायचं, वर एखादं जाड पुस्तक. बाजारातल्या तयार डिजिटल बॉर्डरपेक्षा ही जर कितीतरी खरी दिसते.

कोरं पान

'फाइल → न्यू' उघडा. रुंदी आणि उंची ३६०० पिक्सेल लिहा, खाली 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये रिझोल्युशन ३०० करा. झालं १२ × १२ इंचांचं पान, स्क्रॅपबुकचं नेहमीचं माप. लगेच कंट्रोल-एस दाबून नाव द्या. गिम्प ते एक्ससीएफ फाइलीत ठेवतं, आणि त्यात सगळे लेयर सुटे राहतात.

लेयर म्हणजे काय हे मला मंगळागौरीच्याच चौरंगावरून समजावायला आवडतं. खाली चौरंग, त्यावर वस्त्र, वस्त्रावर तांदूळ, तांदळावर अन्नपूर्णा, आणि सगळ्यांत वर पत्री. पत्री सरकवली म्हणून तांदूळ हलत नाहीत. उजवीकडच्या लेयरच्या यादीतही वरचं ते वर आणि खालचं ते खाली. तुम्ही काहीतरी करताय आणि पडद्यावर काहीच होत नाही, असं झालं की यादीत पाहा. दहातल्या नऊ वेळा भलताच लेयर निवडलेला असतो.

पार्श्वभूमीला रंग फोटोतूनच उचला. 'ओ' दाबलं की रंग उचलायचं टूल येतं. मी सुनेच्या शालूतला मोरपंखी घेतला आणि इतका फिका केला की जेमतेम रंग आहे असं वाटावं. काठाची पट्टी डावीकडे, उभी, तीनशे पिक्सेल म्हणजे एक इंच रुंद.

फोटो बसवणं

'फाइल → ओपन ॲज लेयर्स'ने चारही फोटो एकदम आणा. लहान करायला शिफ्ट-एस. लांबी-रुंदीच्या मधली साखळी जोडलेली हवी, नाहीतर माणसं रुंद होतात. एकदा लहान केलेला फोटो पुन्हा मोठा केला तर तो धूसर होतो, म्हणून माप आधी ठरवा, किंवा चुकलं तर कंट्रोल-झेड करून मुळापासून लहान करा.

जुन्या फोटोला असतो तसा पांढरा काठ हवा असेल तर : 'आर' दाबून फोटोपेक्षा चहूबाजूंनी थोडा मोठा चौकोन आखा, फोटोच्या खाली नवा पारदर्शक लेयर घ्या, त्यात पांढरा रंग भरा, कंट्रोल-शिफ्ट-ए करून निवड काढा. मग फोटोच्या लेयरवर राइट क्लिक करून 'मर्ज डाउन'. काठ आणि फोटो एक झाले.

आता सावली. 'फिल्टर्स → लाइट अँड शॅडो → ड्रॉप शॅडो'. मूळ आकडे मला भडक वाटतात. एक्स आणि वाय १२, ब्लर २५, ओपॅसिटी ०.४ ठेवून बघा. हेच आकडे सगळ्या फोटोंना द्या. एकाची सावली उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे पडली तर बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. फोटो तिरपे लावायची हौस एकाच फोटोवर भागवा, तीही तीन-चार अंशांत. मी झिम्म्याचा फोटो तिरपा केला, कारण त्यात सगळ्या हलतायत. पूजेचा सरळच ठेवला.

जुन्या फोटोवरचे ओरखडे 'एच' दाबून हील टूलने जातात. चेहऱ्यावर मात्र ते टूल फिरवू नका. सासूबाईंच्या कपाळावरचा आडव्या कुंकवाचा डाग त्यात सहज पुसला जाईल. पिवळटपणाही मी काढत नाही, साठ वर्षांचा फोटो आहे, साठ वर्षांचा दिसू दे.

हस्ताक्षर

या पानाचा जीव इथे आहे, त्यामुळे घाई नको. चिठ्ठीवर निळ्या शाईत एवढंच :

पत्री वाहिली आघाड्याची, वर जाईचा गजरा,
…रावांचं नाव घेते, सगळ्यांच्या माझ्यावर नजरा.

कागद तपकिरी पडलेला, वहीच्या फिक्या रेघा, मधे घडीची खूण. हे स्कॅन रंगीतच करा, कृष्णधवल नको, नाहीतर शाईचा निळा जातो. पानावर आणलं की तो तपकिरी चौकोन ठिगळासारखा दिसतो. त्या लेयरवर 'कलर्स → लेव्हल्स' उघडा. आलेखाखाली तीन त्रिकोण असतात. उजवीकडचा पांढरा त्रिकोण हळूहळू डावीकडे सरकवा. आधी कागद उजळतो, मग रेघा विरतात. घडी जाईपर्यंत ताणू नका, कारण त्याआधी वेलांट्यांची बारीक टोकं उडायला लागतात. 'नजरा'तल्या काना-रेघेकडे लक्ष ठेवा, ती तुटायला लागली की थोडं मागे या. मग डावीकडचा काळा त्रिकोण किंचित आत घ्या, शाई गडद होते.

आता लेयरच्या यादीवर 'मोड' लिहिलंय तिथे 'नॉर्मल'ऐवजी 'मल्टिप्लाय' निवडा. पांढरं सगळं नाहीसं होतं आणि अक्षरं थेट मोरपंखी कागदावर लिहिल्यासारखी बसतात. घडीची पुसट रेघ राहिली तर राहू द्या. बेलाचं पान पांढऱ्या कागदावर ठेवून स्कॅन केलंत तर तेही याच युक्तीने बसतं.

टाइप केलेला मजकूर

युनिकोड फॉन्टच वापरा, म्हणजे ज्यात आपल्या नेहमीच्या कीबोर्डने नीट मराठी उमटतं तो. डीटीपीवाल्याकडून आणलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आपल्या नेहमीच्या कीबोर्डने टाइप केलं तर भलतंच उमटतं. गूगल फॉन्ट्सवर मुक्ता, बालू, यात्रा वन फुकट मिळतात. 'तिरो देवनागरी मराठी' खास बघा, त्यातले ल आणि श आपल्या पाठ्यपुस्तकांतल्यासारखे आहेत. हस्ताक्षरासारखा दिसणारा फॉन्ट खऱ्या हस्ताक्षराशेजारी टाळा, खोटं उघडं पडतं.

अक्षराचा आकार साठ पिक्सेलच्या खाली नको. ३०० डीपीआयला ते साधारण १४ पॉइंट होतात. दोन ओळींतलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांटीत अडकतात.

आणि नावं लिहा. डावीकडून कोण, कुठलं घर, कुठलं साल. फुलं-पानं-मोती कमी पडले तरी चालतील. माझ्या जुन्या फोटोतली काठाशी उभी असलेली बाई कोण, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

छपाईला देताना

कडेलगतच्या अर्ध्या इंचात काहीही महत्त्वाचं ठेवू नका, लॅबमध्ये कागद कापताना थोडं जातं. 'फाइल → एक्सपोर्ट ॲज' करून नावापुढे डॉट जेपीजी लिहा, क्वालिटी ९५. एक्ससीएफ फाइल पुसू नका, सुनेची अजून चार वर्षांची मंगळागौर बाकी आहे. पडद्यावर दिसतं त्यापेक्षा कागदावर थोडं काळवंडतं, म्हणून आधी एक लहान प्रिंट काढून घ्या. आणि काउंटरवरच्या मुलाला आठवणीने सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेव, नाहीतर मशीन कृष्णधवल फोटोचा पिवळटपणा आपणहून काढतं आणि त्यावर जांभळी झाक आणतं.