टोमॅटोत झेंडू लावताय? आधी रोपाचं वय बघा

मंडळी, जुलैच्या मध्याला पावसाळी टोमॅटोची लागण धरायची असेल तर झेंडूचं बी मे संपायच्या आत टाका. टोमॅटोचं नाही, झेंडूचं. झेंडू इथं सापळा पीक, घाटेअळीचा (टोमॅटोची फळं पोखरणारी अळी) पतंग टोमॅटोऐवजी झेंडूच्या कळीवर अंडी घालावा म्हणून लावायचा. दरवर्षी सांगतोय आणि दरवर्षी नाशिकच्या दिंडोरी-निफाडकडं तेच बघतोय, माणूस नर्सरीत जातो, टोमॅटोची रोपं उचलतो आणि सोबत तेवढ्याच वयाचा झेंडू घेऊन येतो, मग टोमॅटो फुलात येतो तेव्हा झेंडूला कळीच नसते आणि घाटेअळीचा पतंग अंडी घालायला टोमॅटोवरच बसतो. अर्धी अळी फळात आणि अर्धी बाहेर, असला माल कॅरेटमधे भरून नेला तरी घेणार कोण?

बंगळुरूच्या आयआयएचआरची (भारतीय बागवानी संशोधन संस्था) शिफारस सरळ आहे. झेंडूचं रोप 45 दिवसांचं, टोमॅटोचं 25 दिवसांचं, लागण एकाच वेळी, आणि टोमॅटोच्या 16 ओळींमागं झेंडूची 1 ओळ. म्हणजे नुसतं बांधाला लावून भागत नाही, प्लॉटमधे पण ओळी पाहिजेत.

जात उंच आफ्रिकन घ्या, लवकर कळी धरणारी. पुसा नारंगी, पुसा बसंती फुलं विकायला चांगल्या पण बी टाकल्यापासून 4 महिन्यांच्या पुढं फुलतात, इथं उपयोग नाही. बुटका मखमली (फ्रेंच झेंडू) सूत्रकृमीसाठी, म्हणजे मुळातल्या बारीक किड्यांसाठी ठीक, पतंगासाठी उंचच हवा. दुकानदार महागडं हायब्रीड बी आणि वर टॉनिक गळ्यात मारतो, घेऊ नका, मागच्या दसऱ्याची वाळवलेली फुलं घरात असतील तर तेच बी टाका, फुलं एकसारखी नाही आली तरी बिघडत नाही, आपल्याला पतंग बोलवायचाय. पिवळ्यावर अंडी जास्त सापडतात असा माझा अंदाज आहे.

बाकी कामं:
- गादीवाफ्यावर रोपं, पाण्याचा निचरा
- कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) हेक्टरी 5
- निंबोळी अर्क 5 टक्के
- एचएएनपीव्ही (घाटेअळीला मारणारा विषाणू) हेक्टरी 250 एलई (विषाणूच्या मात्रेचं माप), फवारणी लागणीनंतर 28, 35 आणि 42 दिवसांनी, संध्याकाळीच

फुलं लागली की सकाळी झेंडूची कळी हातात धरून नीट बघा. खसखशीहून बारीक पांढरट गोल अंडं दिसेल, एकेकटं, फुटायला आलं की तपकिरी पडतं. अशा कळ्या आणि अळी लागलेली फुलं तोडून प्लॉटबाहेर नेऊन नष्ट करा, नाहीतर तिथली अळी मोठी होऊन टोमॅटोवरच येणार. आभाळ सलग चार दिवस झाकोळलेलं राहिलं तर ही फेरी रोज मारा. पाऊस ओढ देतो तेव्हा झेंडूवर लाल कोळी पण येतो, पानाची खालची बाजू बघत जा. पांढरी माशी मात्र झेंडूनं आवरत नाही, तिला पिवळे चिकट सापळे लावा.

आणि बी टाकायला उशीर झालाच, तर नर्सरीवाल्याकडं कळी धरायला आलेलीच झेंडूची रोपं मागा, नसतील तर टोमॅटोचं बीच तेवढे दिवस मागं टाका, पण दोन्ही रोपं एका वयाची लावू नका.