बर्गनला जाताय? छत्री घरीच ठेवा
नॉर्वेतल्या बर्गनला निघालात तर आधी चांगला हुडवाला रेनकोट घ्या, छत्रीच्या भानगडीत पडू नका, वारा सुटला की काड्या उलट्या होतात आणि वर्षातले 200 हून जास्त दिवस पाऊस असतोच. एअरपोर्टवरून टॅक्सी नको, खिसा रिकामा होईल, बीबानेन ट्राम सरळ गावात आणते. ब्रिगेनची, म्हणजे जुन्या बंदराच्या धक्क्यावरची लाकडी घरं (1979 पासून युनेस्कोच्या यादीत) नुसते समोरून फोटो काढून सोडू नका, मधल्या बोळात शिरा, कललेल्या भिंती, करकरणारे जिने, ओल्या लाकडाचा वास, खरी मजा तिथेच. फ्लॉयेन डोंगरावर फ्युनिक्युलरने (दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने) जा, उतरताना चालत या. फिश मार्केट जाम महाग, बघून घ्या फक्त. आणि रविवारी बहुतेक सुपरमार्केट बंद, तेव्हा ब्रेड-चीज शनिवारीच आणून ठेवा.