गाडीच्या सीटा जपताना या चुका टाळा : रेग्झिन, ऊन आणि काळी माती

विदर्भातल्या वणीजवळ माझं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान आहे. दुकानात येणाऱ्या सीटांमध्ये वापरून फाटलेल्या थोड्याच असतात. जास्त असतात त्या पुसून-घासून खराब झालेल्या. मागच्या मे महिन्यात एक काकाजी जेमतेम वर्षभराची गाडी घेऊन आले. रस्त्याचं डांबर चपलेला लागून सीटवर आलं होतं, म्हणून पोरानं पेट्रोलचा बोळा फिरवला होता. "डाग तं निंगला भाऊ, पण सीट अशी कडक कायनं झाली?" त्यांनी विचारलं. हात फिरवला तर तेवढा वीतभर भाग पुठ्ठ्यासारखा लागत होता आणि बसण्याच्या घडीवर बारीक चिरा पडल्या होत्या. तो भाग बदलण्याशिवाय माझ्याकडे उपाय नव्हता. असं सांगायची वेळ दर उन्हाळ्यात येते, म्हणून हे लिहितो आहे.

आधी आपण बसतो कशावर ते पाहू. गाडीत ज्याला सरसकट 'लेदर' म्हणतात ते बहुतेक वेळा कापड असतं आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ थर चढवलेला असतो. हा थर दोन प्रकारचा. एक पीव्हीसीचा, म्हणजे आपलं जुनं रेग्झिन. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळतात. दुसरा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. तो हाताला मऊ लागतो, कातड्याच्या जवळ जातो आणि दुकानात महाग सांगतात. पीव्हीसीचा शत्रू ऊन आणि पेट्रोल-थिनर, कारण दोन्हींमुळे आतला मऊपणाचा पदार्थ निघून जातो. पीयूला ऊन तर नकोच, शिवाय दमटपणाही नको. ओल आणि उष्णता मिळून त्याचे बंध तोडतात आणि मग पापुद्रे सुटतात. आपल्याकडे चार महिने भट्टी आणि चार महिने ओल. म्हणून कव्हर घेताना तुकडा उलटा करून कापड किती घट्ट विणलंय ते बघा आणि पीव्हीसी की पीयू हे दुकानदाराला स्पष्ट विचारा.

उन्हात उभी केलेली गाडी

सगळ्यात मोठी चूक साफसफाईच्या आधीच होते. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास मांडला होता. पारा ३८च्या वर असलेल्या दिवसांत त्यांनी गाड्या तासभर उन्हात आणि सावलीत उभ्या केल्या. उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत आणि सीट ५१पर्यंत गेली. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८च्या आसपास आणि सीट ४१च्या आसपास राहिली. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, म्हणजे आपली गाडी त्याहूनही तापत असणार. बाजारात मालाच्या लिलावाला गेल्यावर गाडी दुपारभर उन्हात उभी ठेवली की समोरच्या काचेवर आतून धुरकट, तेलकट थर धरतो ना? प्लास्टिक आणि रेग्झिनमधून उडालेलं तेच द्रव्य काचेवर थंड होऊन बसलेलं असतं.

निंबाखाली पाखरांची घाण पडते, चिकट थेंब पडतात, हे खरं. तरी सावलीच निवडा. बाहेरचा रंग धुता येतो, आतली सीट परत मऊ करता येत नाही. झाड नसेल तर समोरच्या काचेला आतून चमकदार पुठ्ठा लावा आणि सीटांवर जुनं पांढरं धोतर किंवा दुपट्टा पसरा. गाडी नजरेसमोर असेल तर काचा बोटभर उघड्या ठेवा. तापलेल्या सीटवर ओलं फडकं मात्र फिरवू नका. पाणी लगेच वाळतं, साबण तिथेच थिजतो आणि पांढरे ओघळ राहतात. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर, सावलीतच पुसा.

मातीवर ओलं फडकं

आपली काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि वाळली की तडकते. वखरणीवरून, पऱ्हाटीतून म्हणजे कपाशीतून आलेल्या पायांनी ती पायदानावर, सीटच्या कडेला, दाराच्या खाली बसते. तिच्यावर लगेच ओलं फडकं मारलं तर ती रेग्झिनच्या दाण्यात आणि शिलाईच्या भोकात भरते. वाळू द्या. मग रंग द्यायच्या मऊ ब्रशनं झाडा, व्हॅक्यूम असेल तर ओढून घ्या. घुग्घुसकडून कोळशाच्या ट्रकांमागून येणाऱ्या गाड्यांवर जी काळी बुकटी बसते, तिचंही असंच. कोरड्या फडक्यानं रगडलं तर तिचे बारीक कण पॉलिश पेपरसारखे घासत जातात आणि सीटची चमक ठिकठिकाणी मरते. पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेत असाल तर नळी हातभर लांब धरायला सांगा, नाहीतर धूळ बटणांच्या आत जाते.

पाणी कुठलं वापरता तेही बघा. बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड आहे. काळ्या प्लास्टिकवर त्याचे पांढरे ठिपके राहतात. धुताना बोअरचं चालेल, शेवटचा हात आरओच्या कॅनमधल्या पाण्यानं फिरवा.

कपड्याची पावडर, पेट्रोल, रॉकेल, सॅनिटायझर

कपडे धुण्याची पावडर खारी, म्हणजे सोड्यासारखी अल्कधर्मी असते. तिनं मळ निघतो, पण तिच्या रोजच्या माऱ्यानं वरचा संरक्षक लेप झिजतो आणि सीट आधी रुक्ष, मग चिकट लागू लागते. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर, नेलपॉलिश काढायचं औषध, यातलं काहीच नको. सॅनिटायझर २०२०पासून प्रत्येक गाडीत आला. हातावर चालतो, पण स्टिअरिंगवर आणि आर्मरेस्टवर रोज सांडणारं अल्कोहोल तिथला लेप उतरवतं. हाताला लावा, वाळू द्या, मग स्टिअरिंग धरा.

आता बरोबर रीत. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लहान मुलांचा शॅम्पू. हात घालून फेस करा. फडक्यानं शक्यतो फेसच उचला, पाणी कमी. मायक्रोफायबरचं फडकं नसेल तर जुन्या सुती बनियनचा तुकडा चालतो. दाण्यात मळ बसला असेल तर मऊ टूथब्रश हलका, गोल फिरवा. शिलाईवर दाब देऊ नका. भोकातून पाणी आत गेलं की फोम आठ-आठ दिवस वाळत नाही. दुसरं फडकं साध्या पाण्यात घट्ट पिळून साबण उचला, तिसऱ्यानं कोरडं करा आणि दारं उघडी ठेवा. डोकं टेकतं ती जागा आणि हाताची जागा आठवड्यातून एकदा पुसाच, कारण केसांचं तेल आणि घाम तिथे मुरतो आणि मग काळा चिकट डाग बसतो.

हळदीचा डाग : घाई करू नका

लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून नवी गाडी मागून नेतात आणि परत येते ती हळदीचे हात लागून. पोहे-तर्रीचा डागही तसाच. पहिली प्रतिक्रिया म्हणजे साबण घेऊन रगडणं, आणि डाग पिवळ्याचा लाल होतो. घाबरू नका. हळदीतलं रंगद्रव्य साबण-सोड्यासारख्या खाऱ्या पदार्थाशी गाठ पडली की लाल होतं. कपड्यावरही हेच होतं हे घरातल्या बायांना ठाऊक आहे. आधी कोरड्या कागदानं तेल-हळद टिपून घ्या. मग वर सांगितलेला शॅम्पूचा सौम्य फेस, मग साधं पाणी. पिवळी छटा उरली तर दोन-तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन त्या जागेवर येऊ द्या. हळदीचा रंग प्रकाशात उडतो. ऊन वाईट म्हणणारा मी इथे ऊन सांगतो आहे, कारण सकाळच्या तासाभरानं सीट तापत नाही.

खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या डागालाही रगडू नका. त्यात सुपारीचा रंग आणि चुना दोन्ही असतात. थुंकी किंवा खर्रा सांडला तर तासाभराच्या आत साध्या पाण्यानं उचला. वाळून दोन दिवस झाले की फिकट बदामी रंगाच्या सीटवरून तो डाग पूर्ण निघत नाही, हे मी बऱ्याच गिऱ्हाइकांना नाइलाजानं सांगितलं आहे. नव्या जीन्सचा निळा रंगही तसाच. तो रेग्झिनच्या आत शिरतो. आपल्या भागात काळी माती, खर्रा आणि तर्री असताना बदामी किंवा पांढऱ्या सीटा घेऊ नका, असंच मी म्हणेन.

अंगाला लावलेलं आणि डिकीत ठेवलेलं

याकडे कुणाचं लक्ष जात नाही. रात्री लाईन (वीज) असते म्हणून शेतात ओलीत करायला जाणारा माणूस हातापायाला डासांचं मलम लावून गाडीत बसतो. त्यातल्या काही मलमांत डीट नावाचं द्रव्य असतं आणि ते प्लास्टिक, रेग्झिन विरघळवतं. दाराचा हात टेकायचा भाग चिकट होऊन त्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतील तर आधी हेच विचारा. मलम लावल्यावर तळहात धुवा आणि आर्मरेस्टवर फडकं टाका.

वरूड-मोर्शीकडे पाहुण्यांकडून संत्र्यांची पोती येतात. साल पिळून डॅशबोर्डवर घासली की वास छान येतो, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. सालीतलं तेल थर्माकोलवर पाडून पाहा, थर्माकोल डोळ्यांसमोर विरघळतो. मग ते चमकदार प्लास्टिकवर कशाला? कापराच्या वड्या आणि डांबर गोळ्याही बंद गाडीत ठेवू नका. त्यांची वाफ प्लास्टिकला मऊ, चिकट करते आणि लेकरांच्या श्वासात जाते.

फवारणीबद्दल मात्र थांबून वाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. आपण सगळ्यांनी ते जवळून पाहिलं. कीटकनाशकाची बाटली कधीही सीटवर किंवा सीटखाली ठेवू नका, डिकीतही झाकण घट्ट लावून बादलीत उभी ठेवा. फवारणीचे कपडे घालून गाडीत बसू नका. विष शिलाईतून फोममध्ये जातं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी लेकरू बसतं. सांडलंच तर रबरी हातमोजे घाला, सगळी दारं उघडा, कोरडी माती टाकून ओढून घ्या, ती माती विहीर-नाल्यापासून लांब पुरा, मग साबणाच्या पाण्यानं तीन-चार वेळा पुसा. फोमपर्यंत गेलं असेल तर फोम बदला. इथे काटकसर करू नका.

खोबरेल आणि चकाकी

खोबरेल तेल कातड्यात मुरतं, प्लास्टिकमध्ये मुरत नाही. वर राहतं, धूळ धरतं, खवट होतं आणि विजार खराब करतं. बुटांचं पॉलिशही नको. खऱ्या लेदरचं कंडिशनरही रेग्झिनवर वाया जातं. लावायचंच असेल तर पाण्यासारखं पातळ, न चकाकणारं, अतिनील किरणांपासून संरक्षण देणारं प्रोटेक्टंट घ्या आणि महिना-दोन महिन्यांनी फडक्यावर घेऊन लावा. डॅशबोर्डवर चकचकीत स्प्रे मारला की दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसतं आणि समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर डोळे दिपतात. स्टिअरिंगवर, गिअरवर आणि पायाखालच्या पेडलवर तो कधीच मारू नका, घसरतं.

पाइपनं आतून धुणं

सर्व्हिसिंगच्या दुकानात पोरं प्रेशरची बंदूक दारातून आत मारतात. नव्या गाड्यांमध्ये सीटखाली वायरी आणि जोडण्या असतात. पिवळ्या रंगाच्या जोडण्या एअरबॅगच्या. त्यात पाणी गेलं की एअरबॅगचा दिवा लागतो. "आतून पाणी मारायचं नाही" हे आधीच सांगा. पावसाळ्यात पायदानं काढून रोज झटका, खालची जाजमं कोपऱ्यातून उचलून ओल तपासा. बुरशीचा वास येत असेल तर सुगंधी डबी लावून तो झाकू नका. ओल शोधा, दारं उघडून वाळवा, एसीचं आतलीच हवा फिरवणारं बटण थोडा वेळ बंद करा. सीटबेल्ट धुतला तर पूर्ण वाळल्यावरच आत जाऊ द्या.

आता बिघडलेल्याचं काय करायचं

चिकट सीट दोन-तीन वेळा सौम्य फेसानं पुसूनही चिकटच राहिली तर मळ संपलेला आहे आणि थरच फुटतो आहे. पापुद्रे सुटलेल्या पीयूला डिंक, फेविकॉल, टेप काही धरत नाही. सुटलेला भाग ओढूही नका, कारण शेजारचाही निघतो. बारीक चिरेसाठी रेग्झिन दुरुस्तीचं भरायचं द्रव्य मिळतं, पण घडीच्या जागेवर ते फार टिकत नाही.

अशा वेळी आख्खं कव्हर बदलायची गरज नसते. बसायचा मधला भाग तेवढा उसवून त्याच रंगाचा तुकडा शिवता येतो, आणि सीटवाल्याला तेच काम सांगा. वरून नवं कव्हर चढवणार असाल तर सीटच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' असं बारीक लिहिलं आहे का ते आधी वाचा. असेल तर त्या कडेची शिलाई फुटण्याजोगी ठेवलेलंच कव्हर घ्या, नाहीतर अपघातात बाजूची एअरबॅग कव्हराखाली अडकते. आणि काम झाल्यावर उरलेला तुकडा मागून घेऊन डिकीत ठेवा. पुढे कुठलंही औषध, पॉलिश, साबण आधी त्यावर लावून एक दिवस बघा, मगच सीटला लावा.