एरहू आणि पियानो: दोघांचा सूर, दोघांचा तोल

एरहू म्हणजे गजाने वाजवायचं दोन तारांचं चिनी वाद्य. पियानोसोबत ते वाजवायचं तर आधी पियानोचा मधला 'ए' घ्या आणि त्यावर एरहूची बाहेरची तार जुळवा. आतली तार तिच्याखाली पाच स्वरांवर, म्हणजे 'डी'. एरहूचा आवाज कातड्यावरून येतो आणि दमट हवेत कातडं सैलावतं. म्हणून वाद्य वाजवायच्या खोलीत अर्धा तास ठेवा, मग पुन्हा सूर तपासा.

स्वरपट्टी डी, जी किंवा एफ ठेवा. पाच-सहा फ्लॅटच्या (कोमल स्वरांच्या) पट्टीत मोकळ्या तारांचा उपयोग होत नाही, बोटं अडखळतात आणि नाद बसका होतो. एरहूवादक बहुधा आकड्यांची लिपी वाचतो, म्हणजे स्वरांऐवजी आकडे. पट्टी डी असेल तर त्याच्या पानावर '१=डी' (पहिला स्वर डी) लिहा आणि दोन्ही पानांवर मापांचे (मात्रांच्या गटांचे) क्रमांक सारखे घाला.

खरी अडचण मींडेची. एरहूला तारेखाली बोट टेकवायची पट्टी नाही, पडदे नाहीत. बोट तारेवरून घसरतं आणि स्वर वाटेत कुठेही थांबतो. त्याच क्षणी पियानो तोच स्वर वाजवत असेल तर दोन्ही बेसूर वाटतात. म्हणून मींडेखाली तो स्वर गाळा, डाव्या हातात नुसता षड्ज-पंचम धरा आणि मींड सुरू होण्याआधी नाद लांबवणारं उजवं पेडल सोडा. तिसरा स्वर घालून कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) भरण्याचा मोह टाळा. पाच स्वरांची चाल त्याने जड होते.

एरहू मधल्या 'सी'च्या खाली जात नाही. त्यामुळे खालची जागा पियानोचीच, पण उजवा हात एरहूच्या सप्तकात फार रेंगाळू देऊ नका. पियानोचं झाकण छोट्या काठीवर ठेवा. डावं पेडल सतत दाबून आवाज कमी करू नका, त्याने नादाचा रंगच बदलतो. बोटांनी हलकं वाजवा.