राडारोड्याचा कंटेनर मागवताना आधी वजन विचारा

घराची तोडफोड काढली की कंटेनर भाड्याने घेताना सगळे आकार बघतात. गोची होते ती वजनात. विटा-काँक्रीटचा सुटा राडारोडा घनमीटरला सव्वा टन सहज भरतो. म्हणजे कंटेनर अर्धा रिकामा दिसत असतानाच मर्यादा संपलेली असू शकते. भाड्यात किती टन धरलेत आणि वरच्या टनाला काय लावणार, हे आधीच ठरवून घ्या. जुनी दारं, फळ्या तळाशी आडव्या टाका, उभ्या टाकल्या की नुसती हवा भरते. काठाच्या वर ढीग गेला तर गाडीवाला बहुधा उचलणार नाही. फरशीवर ठेवणार असाल तर खाली जाड फळ्या घाला. चरे पडले की जात नाहीत. ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र यात अजिबात नकोत, त्यांची विल्हेवाट वेगळी.