व्हेनिसला उतरायचं कुठे?

रेल्वेचं तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट बघा. ‘व्हेनेझिया मेस्त्रे’ हे अलीकडचं, मुख्य भूमीवरचं. तिथे उतरलात तर कालवा शोधत बसाल. खरं व्हेनिस पुढच्या ‘सांता लुचिया’ला. बाहेर पडलं की पायऱ्या आणि समोर थेट ग्रँड कॅनॉल. इथून पुढे गाडी-रिक्षा नाही. पाय, नाहीतर वापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची बसच. १ नंबरची बोट रमतगमत जाते, पण काठचे जुने वाडे बघायला तीच बरी. एकेरी तिकीट ७५ मिनिटं चालतं आणि महाग पडतं. तीन-चारदा बोटीत बसणार असाल तर दिवसाचा पास घ्या, चढण्याआधी मशीनला टेकवा. आणि ती चाकांची भलीमोठी बॅग? पुलांना पायऱ्या आहेत, उचलावीच लागेल.