उत्पादन थांबलेली खिशातली पिस्तुलं: किंमत आणि भरवसा जोखताना या चुका टाळा

जुनं छोटं पिस्तूल हातात आलं की माणूस दोन प्रश्न एकाच दमात विचारतो: "याचे किती येतील?" आणि "हे चालेल ना?" एकाचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळेल, असा त्याचा समज असतो. पहिली गफलत तिथंच होते. संग्राहक ज्या पिस्तुलासाठी पैशाकडे बघत नाही, ते बहुधा ऐंशी-शंभर वर्षांपूर्वीच्या मूळ स्प्रिंगांसकट जसंच्या तसं राहिलेलं असतं, आणि म्हणूनच भरवशाच्या बाबतीत सर्वांत संशयास्पद असतं. याउलट स्प्रिंगा बदललेलं, घासून-पुसून नवा रंग दिलेलं, नेमबाजीच्या मैदानावर एकही गोळी न अडकवणारं पिस्तूल संग्राहक हातात घेऊन परत ठेवतो. दोन्ही गुण एकाच पिस्तुलात सापडले तर नशीबच. तेव्हा आपल्याला यातलं काय हवंय, ते आधी ठरवा.

स्लाइड ओढली, काही पडलं नाही, म्हणजे रिकामं!

ही चूक जीवावर बेतणारी आहे, म्हणून किंमतीच्या आधी ती. बेरेटाचं ९५० (जेटफायर आणि मिंक्स या नावांनी विकलं गेलेलं) हे या जातीतलं फार लोकप्रिय पिस्तूल. त्याची नळी पुढच्या बिजागरीवर फिरते. बाजूची कळ दाबली की मागचं टोक टुणकन वर येतं. या पिस्तुलाला एक्स्ट्रॅक्टरच (काडतूस पकडून मागे ओढणारा आकडा) नाही. गोळी सुटल्यावर रिकामं पुंगळं वायूच्या दाबानंच मागे फेकलं जातं. म्हणजे न उडालेलं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) असेल तर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, सरकणारा भाग) दहा वेळा ओढली तरी ते जागचं हलत नाही. इतर पिस्तुलांची सवय असलेला माणूस मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) काढतो, स्लाइड ओढतो, काही बाहेर पडलं नाही हे बघतो आणि निर्धास्त होतो. काडतूस मात्र आतच असतं. बेरेटाच्याच २१ए आणि टॉमकॅटचीही रचना अशीच. यांत नळी उचलून डोळ्यांनी बघायचं, दुसरा मार्ग नाही. आत न फुटलेलं काडतूस राहिलं तरी तेच करायचं, फक्त पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ थांबून, कारण काडतूस कधी कधी उशिरा उडतं.

"मॅगझिन काढलं की पिस्तूल उडत नाही" हीसुद्धा अशीच एक समजूत. कोल्टच्या १९०८ सालच्या व्हेस्ट पॉकेट मॉडेलला मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारी यंत्रणा १९१६ च्या सुमारास आली. त्याआधीच्या नगांत ती नाही. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं दिसतात.

आणखी एक. या वयाच्या बहुतेक पिस्तुलांत फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते उडवणारी पिन) अडवून धरणारी आजच्यासारखी यंत्रणा नसते. चेंबरमध्ये गोळी ठेवून असं पिस्तूल खिशात बाळगणं आणि ते हातातून निसटणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर काय होईल ते सांगायला नको. हा दोष फक्त म्हाताऱ्या पिस्तुलांचा आहे, असंही नाही. २००८ मध्ये आलेल्या रुगर एलसीपीच्या सुरुवातीच्या खेपा पडल्यावर उडण्याच्या शक्यतेमुळे त्याच वर्षी कंपनीनं परत मागवल्या होत्या. हातोहात फिरलेलं पिस्तूल घेताना त्याचा क्रमांक अशा परतीच्या यादीत आहे का, आणि असेल तर दुरुस्ती झाली होती का, हे विचारायचं राहून जातं.

"आता बनत नाही" म्हणजे दुर्मीळ नव्हे

कोल्टचं व्हेस्ट पॉकेट १९४८ पर्यंत बनलं आणि चार लाखांहून जास्त नग बाहेर पडले. १९०३ चं पॉकेट हॅमरलेस त्याहूनही जास्त बनलं. (नाव हॅमरलेस असलं तरी त्याला घोडा आहे, स्लाइडच्या आत झाकलेला. 'घोडाच नाही' असं छातीठोकपणे सांगणारा विक्रेता भेटला तर बाकीची माहितीही जपून ऐका.) पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी स्पेनमधल्या कित्येक डझन कारखान्यांनी रुबी जातीची पिस्तुलं लाखांनी ओतली. अशा मॉडेलचा साधा, वापरलेला नग शंभर वर्षांचा झाला म्हणून मौल्यवान होत नाही. किंमत ठरते ती स्थिती, मूळपणा, पेटी आणि कागदपत्रं, जुळणारे क्रमांक आणि एखादी कमी संख्येनं निघालेली आवृत्ती यांवर.

कधी कधी कायदाही किंमत बनवतो. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानं आयात पिस्तुलांना उंची-लांबीची अट घातली. वाल्थर पीपीके उंचीत किंचित कमी पडलं. मग वाल्थरच्याच पीपी या थोड्या मोठ्या मॉडेलची फ्रेम (खालचा सांगाडा) आणि पीपीकेची स्लाइड जोडून पीपीके/एस जन्माला आलं. एफएनच्या बेबी ब्राउनिंगची तिकडची आयातही त्याच कायद्यानं थांबली. त्यामुळे 'अडुसष्टच्या आधी आलेलं' या शब्दांना तिथल्या बाजारात वजन आहे. हे कारण ठाऊक नसलं की एका देशातली किंमत बघून माणूस दुसऱ्या देशात तीच मागतो.

शिवाय, मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. दोन वर्षं विकलं न गेलेलं पिस्तूल जाहिरातीत कितीही महाग दिसू शकतं. लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या नगांचे आकडे बघा, आणि त्यात लिलावघराचं कमिशन धरलंय की नाही तेही.

गरुड दिसला की नाझी पिस्तूल

या चुकीत फार लोकांचे पैसे बुडाले आहेत. पीपी आणि पीपीकेवर 'एन' अक्षरावर गरुड असा शिक्का असतो. विक्रेता आवाज खाली आणून 'जर्मन सैन्याचं आहे' म्हणतो. प्रत्यक्षात १९४० पासूनचा तो नागरी चाचणीचा शिक्का आहे: धूरविरहित दारूनं नळी तपासली, एवढाच त्याचा अर्थ. सैन्यानं स्वीकारलेल्या नगांवर वेगळा, क्रमांकासह गरुड असतो. आणि पक्षाच्या किंवा पोलिसांच्या खुणा तर इतक्या खोट्या मारल्या गेल्यात की अशी खूण दिसली की माझा संशय वाढतो, किंमत नाही. भिंग घ्या. खूण मारताना धातू कडेनं किंचित उचलला जातो. मूळ खूण बहुधा आधी मारलेली असते आणि ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा मुलामा) तिच्यावर चढलेलं असतं. खोट्या खुणेच्या तळाशी बहुधा उघडा धातू चमकतो, किंवा त्या एवढ्याशा जागेवर रंग वेगळा दिसतो.

नव्यानं केलेलं ब्लूइंग ओळखायलाही हेच भिंग. पॉलिश करताना धारदार कडा गोल होतात, कोरलेल्या अक्षरांचे काठ विरघळल्यासारखे दिसतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती उथळ बशीसारखा खळगा तयार होतो. गंजाचे खड्डे ब्लूइंगच्या *खाली* दिसले तर प्रश्नच मिटला. असं 'नवंकोरं' पिस्तूल संग्राहकाच्या लेखी कित्येकदा निम्म्या किंमतीचं होऊन जातं, आणि ते करवून घेणाऱ्यानं त्यासाठी वर पैसे मोजलेले असतात! झिजलेलं मूळ ब्लूइंग झिजलेलंच राहू द्या.

अडकतंय? स्प्रिंगवर खापर फोडण्याआधी

एका मित्रानं .२५ कॅलिबरचं (नळीच्या मापाचं) जुनं व्हेस्ट पॉकेट आणून दाखवलं. तीनातली एक गोळी उडत नव्हती. काडतुसाच्या टोपीवर पिनचा ठसा पडत होता, पण उथळ. दोन जाणकारांनी त्याला स्ट्रायकरची (घोड्याऐवजी स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावणाऱ्या पिनची) स्प्रिंग बदलायला सांगितलं होतं. त्यानं बदलली, तरी तेच. स्लाइडमधून स्ट्रायकर बाहेर काढला तेव्हा त्यावर राळेसारखा तपकिरी थर दिसला. कोणीतरी कधीकाळी ओतलेलं तेल आतल्या आत घट्ट होऊन बसलं होतं. विद्रावकात भिजवून, काडीला कापूस गुंडाळून तो मार्ग कोरडा केला आणि ठसे खोल पडू लागले. जुन्या पिस्तुलाला तेल पाजणं म्हणजे काळजी घेणं, असं समजणारे खूप आहेत. स्ट्रायकरच्या मार्गात तेल जवळजवळ नकोच.

त्याचं दुसरं दुखणं मात्र खरं होतं: शेवटची गोळी नाक वर करून अडकायची. मॅगझिन दुसऱ्याच पिस्तुलाचं निघालं. या छोट्या पिस्तुलांत मॅगझिन म्हणजे अर्धं पिस्तूल. त्याच्या वरच्या दोन ओठांपैकी एक केसभर उघडला तरी गोळी चुकीच्या कोनात उठते. रुबीच्या बाबतीत तर ही जुनीच गंमत आहे. वेगवेगळ्या कारखान्यांची मॅगझिनं एकमेकांत नीट बसत नसल्यानं फ्रेंचांना कारखान्याची दोन अक्षरी खूण पिस्तुलावर आणि मॅगझिनच्या तळावर मारावी लागली. आजही रुबी घेताना आधी ती दोन अक्षरं जुळवून बघा. मूळ मॅगझिन हरवलेलं असेल तर भावात तेवढी घासाघीस करायला हरकत नाही. ते सुटं शोधायला गेलात की किती महाग असतं ते कळेलच.

.३२ एसीपी या काडतुसाच्या पिस्तुलांत आणखी एक खोडी असते. या काडतुसाच्या बुडाची कडा अंगापेक्षा व्यासात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरनं मोठी असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे हवी. पोकळ टोकाची गोळी लांबीला आखूड असते, त्यामुळे मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा उरते, वरची कडा खालच्या कडेमागे जाऊन अडकते आणि सगळं कुलूपबंद होतं. स्लाइड ओढून हे सुटत नाही. मॅगझिन काढून काडतुसं ढकलून मोकळी करावी लागतात. ज्या काळात ही पिस्तुलं आखली गेली तेव्हा गोलसर टोकाची, पूर्ण आवरणाची गोळीच प्रमाण होती. तीच वापरली की निम्म्या तक्रारी मिटतात. उलटी उदाहरणंही आहेत: सीकॅम्पचं .३२ हे विंचेस्टरच्या एका पोकळ टोकाच्या काडतुसाभोवतीच आखलेलं होतं. म्हणजे 'जुन्या पिस्तुलात नेहमी साधीच गोळी' हाही नियम आंधळेपणानं लावू नका.

जास्त जोराची काडतुसं घालून छोट्या पिस्तुलाला 'दमदार' करायचा मोह तर टाळाच. या पिस्तुलांत बहुधा स्लाइडचं वजन आणि एक स्प्रिंग एवढंच काय ते धक्का झेलतं. टॉमकॅटच्या माहितीपुस्तिकेत १३० फूट-पाउंडांपेक्षा जास्त ऊर्जेची काडतुसं वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलेलं होतं. तरी ती वापरली गेली, फ्रेमला तडे गेले, आणि पुढे कंपनीनं स्लाइड रुंद आणि जड केली. अरुंद स्लाइडचं जुनं टॉमकॅट बघत असाल तर ग्रिपच्या पट्ट्या काढून, फ्रेम जिथं सर्वांत पातळ आहे तिथं दोन्ही बाजूंनी उजेड तिरका पाडून बघा. केसासारखी रेघ दिसली तर पिस्तूल परत ठेवा. झामॅक या जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या स्वस्त पिस्तुलांना तडा गेला तर दुरुस्ती नसतेच.

नावांचा घोळ

.२५ एसीपी म्हणजे ६.३५ मिमी, .३२ एसीपी म्हणजे ७.६५ मिमी ब्राउनिंग, .३८० एसीपी म्हणजे ९ मिमी कुर्त्झ किंवा कोर्टो. यातला '९ मिमी' हा शिक्का वाचून लोक पॅराबेलमची काडतुसं घेऊन येतात. ७.६५ पॅराबेलम हे वेगळं, ९ मिमी मकारोव वेगळं, आणि रिव्हॉल्वरचं .३२ तर अगदीच वेगळं. कॅलिबर नळीवर वाचा, विक्रेत्याच्या तोंडून नको. ४.२५ मिमी लिलिपुट किंवा २.७ मिमी कोलिब्री अशी नावं वाचलीत तर ती शोकेसची वस्तू समजा. तिथं एकेक सुटं काडतूसच संग्राहक जपून ठेवतात.

सुटे भाग

'स्प्रिंगच तर बदलायची आहे' हे म्हणण्याआधी ती मिळते का ते बघा. रोरबॉच आर९ हे ९ मिमी पॅराबेलमचं चिमुकलं पिस्तूल सुबक होतं, पण त्याची स्लाइड परत पुढे आणणारी स्प्रिंग साधारण २०० गोळ्यांनी बदलायची असते. २०१४ मध्ये ती कंपनी रेमिंग्टननं घेतली. अशा पिस्तुलासोबत विक्रेता किती नव्या स्प्रिंगा देतोय, हा मला नळीच्या चकाकीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वाटतो. मॉडेलचं नाव अजून बाजारात आहे म्हणून भाग मिळतील, हेही खरं नाही. पीपीके वेगवेगळ्या देशांत आणि काळात बनलं. आजचा भाग युद्धापूर्वीच्या नगात घासल्याशिवाय बसेलच असं नाही, आणि घासला की मूळपणा गेला.

स्प्रिंग बदलताना काढलेली जुनी स्प्रिंग फेकून देऊ नका. लहान पाकिटात घालून, वर पिस्तुलाचा क्रमांक आणि तारीख लिहून पेटीत ठेवा. वापरताना नवी स्प्रिंग, विकताना मूळ भाग सोबत; किंमत आणि भरवसा यांची सांगड घालायचा एवढा एकच सोपा मार्ग मला सापडलाय. उघडताना सगळं काम मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत हात घालून करा. या पिस्तुलांतल्या स्प्रिंगा उडाल्या की खोलीभर शोधूनही सापडत नाहीत. जुन्या कडक रबराच्या ग्रिपखाली स्क्रूड्रायव्हर खुपसून ती उचकटू नका, बिस्किटासारखी तुटते. पण स्क्रू सोडवून ती सावकाश काढायला मात्र हवी, कारण वर्षानुवर्षं खिशात वावरलेल्या पिस्तुलाचा घाम आणि गंज तिच्याच खाली दडलेला असतो.

आणि शेवटी ठेवायचं कुठं? सोबत आलेलं चामड्याचं मूळ पाकीट किंमत वाढवतं हे खरं, पण पिस्तूल त्यात ठेवू नका. कमावलेलं चामडं ओल धरतं, आणि वर्षभरानं पाकिटाच्या आकाराचा गंज ब्लूइंगवर उमटलेला मिळतो. पाकीट शेजारी, पिस्तूल कोरड्या पेटीत, तेलाचा अगदी पातळ हात देऊन.